काठावरचा लठ्ठा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाली की दरवर्षी मला फळ्यावर एक वाक्य लिहावं लागतं. वर्गाची वरची मर्यादा त्या वर्गात धरायची नाही, पुढच्या वर्गात धरायची. बल्लारपूरच्या ज्या शाळेत मी गणित शिकवते, तिथली पोरं ते वाक्य मान वर न करता उतरवून घेतात. मग मी उदाहरण देते. तीस ते चाळीस असा एक वर्ग आहे, चाळीस ते पन्नास असा दुसरा. एकीला बरोबर चाळीस गुण पडले, तर ती कुठे बसेल? दोन्ही बाकांवर एकाच वेळी तर बसता येत नाही. म्हणून कोणीतरी ठरवून टाकलं, की पुढच्या बाकावर बसायचं. एवढंच. त्यात न्याय नाही, अन्याय नाही, सोय आहे.

पोरांना एवढं पुरतं. मला मात्र ते वाक्य लिहून झाल्यावर जरा वेळ फळ्याकडेच तोंड करून उभं राहावं लागतं. हा नियम मी सगळ्यात आधी शिकवला तो माझ्या बाबांना. आमच्या घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत बसून, आरडाओरडा करून शिकवला. तो त्यांच्या डोक्यात शिरलाच नसता तर फार बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

आमचं गाव आलापल्लीच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. गावाजवळ लाकडाचा डेपो होता. जंगलातून तोडलेलं सागवान तिथे ट्रकनं यायचं, मोजलं जायचं, जाडीप्रमाणे थप्प्या लागायच्या आणि मग लिलाव व्हायचा. बाबा त्या डेपोत रोजंदारीवर होते. त्यांचं काम टेपचं. लठ्ठ्याच्या, म्हणजे ओंडक्याच्या, बरोबर मध्यावर टेप गुंडाळायची, गोलाई बघायची, आकडा मोठ्यानं ओरडायचा आणि कोणत्या थप्पीत जायचा ते सांगायचं. आमच्या घरात आवाज चढवून बोलायची जी सवय आहे ती या कामामुळे, असं आई म्हणते. माझा आवाजही त्यातलाच. शाळेतली पोरं सांगतील.

रोजंदारी म्हणजे काम असेल त्या दिवशी पोट भरायचं. पावसाळ्यात जंगलातले रस्ते बंद, म्हणून डेपो बंद, म्हणून रोजी बंद. मग बाबा दुसऱ्यांच्या बांध्यांत चिखलात उभं राहून धानाची रोवणी करायचे. हे सगळं एका गोष्टीनं संपणार होतं. डेपोवर बातमी आली, की रोजंदारीतल्या जुन्या माणसांपैकी काहींना कायम करणार. कायम म्हणजे बारा महिने पगार, आजारपणात रजा, म्हातारपणी आधार, आणि खाकी ड्रेस. अट एकच पक्की कळली होती, दहावी पास पाहिजे. वयाचंही काहीतरी होतं, पण ते नीट कोणी सांगत नव्हतं. पन्नासपर्यंत चालते म्हणे, एवढंच सगळे एकमेकांना सांगत होते.

आईनं त्याच आठवड्यात बाबांकडून मधल्या खोलीत एक नवी खुंटी ठोकून घेतली. ड्रेसला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं मी तिला म्हणाले. ती म्हणाली, ड्रेस आल्यावर खुंटी ठोकत बसू का मग?

बाबांची शाळा आठवीत सुटली होती. त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म. मराठी, इतिहास, विज्ञान यांची त्यांना फारशी भीती नव्हती. गणिताची होती. आणि गणितासाठी घरात मी होते. चंद्रपूरला राहून बीएस्सी केलेली, शिक्षक भरतीची वाट बघत घरी बसलेली, आणि लग्नाचा विषय निघाला की भांडी आपटणारी. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी माझी गत होती. भिंतीऐवजी मला बाबा सापडले.

भूमिती बघून बाबांनी हात टेकले. बीजगणितातल्या एक्सवर त्यांचा पहिल्यापासून राग होता. जो माणूस तोंड दाखवत नाही त्याच्यासाठी एवढी झटापट कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी जुन्या प्रश्नपत्रिका काढून हिशेब लावला. सांख्यिकी आणि संभाव्यता हे दोन धडे पक्के केले तर पास होण्यापुरतं जमतं. वारंवारता सारणी करायची, मध्य, मध्यक, बहुलक काढायचे, नाणी-फासे-पत्ते यांच्या शक्यता सांगायच्या. त्यात एक्स तोंड लपवून आला तरी थोडाच वेळ.

पुस्तकातली उदाहरणं मात्र त्यांना झोप आणायची. एका शाळेतील विद्यार्थ्यांच्या उंची दिल्या आहेत म्हटलं की बाबा विचारायचे, कोणत्या शाळेतल्या? मग मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि गावातलीच माहिती घेऊ लागले. रस्त्यानं दिवसाला किती ट्रक गेले. कोणाच्या घरी किती कोंबड्या. आमच्या आळीतल्या कोणत्या घरात किती माणसं. खडूनं सपरीच्या जमिनीवर रकाने आखायचे आणि ताळ्याच्या खुणा करायच्या. चार उभ्या रेघा, पाचवी त्यांच्यावरून आडवी. त्या पाचवीला बाबा मोळी बांधणं म्हणायचे. दोन मोळ्या आणि तीन सुट्या, म्हणजे तेरा. ताळ्याच्या खुणा इतक्या लवकर समजलेला विद्यार्थी मला नंतर शाळेतही मिळालेला नाही, आणि बेरजेत इतका घाई करणाराही मिळालेला नाही.

संभाव्यतेत पत्त्यांची उदाहरणं येतात. बावन्न पत्त्यांतून एक पत्ता काढला तर तो बदामचा राजा असण्याची शक्यता किती, असं. मला वाटलं पत्ते आधी समजावून सांगावे लागतील. मी किलवर-चौकट सुरू केलं, तेवढ्यात बाबांनी तीनही चित्रं कोणत्या रंगाची किती, एक्के किती, लाल किती, काळे किती सगळं एका दमात सांगून टाकलं. आई आत तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. कधीमधी रात्री पहाऱ्याची पाळी आहे म्हणून बाबा डेपोवर जायचे, तिथे काय पहारा होत होता, ते तिला त्या दिवशी कळलं. बाबा पुढचे दोन दिवस फार मन लावून अभ्यास करत होते.

एकदा मी त्यांना डेपोवरच्या सगळ्यांच्या जन्मतारखा विचारून आणायला लावल्या. महिन्याप्रमाणे सारणी करू, म्हटलं. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत रकाने आखले आणि बाबा खुणा करू लागले. जुलै, जुलै, जुलै, मार्च, जुलै. जुलैच्या रकान्यात मोळ्यांवर मोळ्या पडल्या आणि बाकीचे महिने जवळपास ओस. तारीख बघितली तर सगळ्यांची एकच, एक जुलै. पुस्तकात बहुलक म्हणतात तो असा बसल्या जागी आम्हाला मिळाला. माझ्या हसण्यानं आई बाहेर आली. बाबांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांच्या वेळी शाळेत नाव घालताना कोणाच्याच बापाला तारीख ठाऊक नसायची. गुरुजी पोराला म्हणायचे, डोक्यावरून हात घाल आणि पलीकडचा कान धर. कान हातात आला की पोरगा सहा वर्षांचा झाला, आणि तारीख एक जुलै. बाबांचे हात पहिल्यापासून लांब. त्यामुळे सहा पुरी व्हायच्या आधीच त्यांचा कान हातात आला. आजी सांगायची, की बाबा झाले तेव्हा मोहफुलं पडत होती आणि ती टोपली टाकून घरी आली होती. मोहफुलं पडतात उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणजे गुरुजींनी लिहिलेल्या तारखेनंतरच्या उन्हाळ्यात बाबा खरे जन्मले. शाळेच्या दाखल्यावर ते जन्माआधीच काही महिन्यांचे होते. तेव्हा आम्हाला ती गंमत वाटली. बाबाही शेवटी हसले.

सगळं असं नीट चाललं होतं, आणि मग वर्गांतर आलं.

म्हणजे आकडे फार असले की त्यांचे गट करायचे. शून्य ते दहा, दहा ते वीस, वीस ते तीस. सारणी करताना बाबांची बेरीज बरोबर यायची, खुणा बरोबर असायच्या, आणि तरी उत्तर चुकायचं. मी दोन दिवस डोकं खाजवलं. मग दिसलं. वीस आला की ते त्याला दहा ते वीसमध्ये टाकत होते. तीस आला की वीस ते तीसमध्ये. दर वेळी खालच्या वर्गात. एकदा चुकून नाही, दर वेळी.

मी सांगितलं, वरची मर्यादा पुढच्या वर्गात जाते. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या गणितात पुन्हा तेच केलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी माझा आवाज डेपोचा झाला. तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला.

“काठावरचा लठ्ठा खालच्या थप्पीत जाते पोरी,” ते म्हणाले. “डेपोत तसंच आहे. वर टाकला आन् घेणाऱ्यानं मोजला, आन् सूतभर कमी भरला, तर सगळ्या थप्पीवरचाच इश्वास उडते त्याचा.”

डेपोतली रीत अशी होती. थप्प्यांचे गट ठरलेले. गोलाई बरोबर गटाच्या सीमेवर आली, की लठ्ठा कमी भावाच्या थप्पीत ठेवायचा. थोडं नुकसान डेपोचं होऊ द्यायचं, पण घेणाऱ्यानं टेप लावली तर लाज जाता कामा नये. बाबा हे वीस वर्षं करत होते. त्यांच्या हाताला दुसरं वळणच नव्हतं. काठावरचं काही दिसलं की हात आपोआप खाली जायचा.

आता बाबांची बाजू कळते. तेव्हा मला फक्त परीक्षा दिसत होती. गणितात दर गुण तोलून घ्यायची वेळ होती, आणि त्यांचे या एका सवयीपायी दोन-तीन गुण हमखास जात होते. मी त्यांना म्हणाले, की डेपो डेपोच्या जागी, बोर्ड बोर्डाच्या जागी. इथे लठ्ठे नाहीत, आकडे आहेत, आणि आकड्याला कोणी टेप लावत नाही. या पद्धतीला असमावेशक पद्धत म्हणतात, पाठ करा. मी त्यांना ते वाक्य वहीत लिहायला लावलं. सकाळी डेपोवर निघताना म्हणायला लावलं, संध्याकाळी पाय धुताना म्हणायला लावलं. आई म्हणाली, देवाचं नाव एवढं घेतलं असतं तर खुंटीवर ड्रेस येऊन लटकला असता.

पंधरा-वीस दिवस गेले. मग एका संध्याकाळी मी मुद्दाम सगळे काठावरचे आकडे असलेलं गणित घातलं. दहा, वीस, वीस, तीस, दहा, चाळीस. बाबांचा हात दर वेळी खालच्या रकान्याकडे थोडा जायचा, थांबायचा, आणि वर जायचा. एकही चुकला नाही. मी टाळी वाजवली. त्यांनी खडूनं पांढरे झालेले हात धोतराला पुसले आणि म्हणाले, आता डेपोत चूक नाई झाली म्हणजे झालं. डेपोत चूक झाली नाही. पण मला पुढे कधीतरी कळलं, की त्या काळात काठावरचा लठ्ठा आला की ते आकडा जरा उशिरा ओरडायचे.

परीक्षा झाली. आमच्याकडच्या परीक्षा केंद्रावर त्या वर्षी सगळ्यात मोठा परीक्षार्थी माझा बाप. पर्यवेक्षकानं त्यांना आधी पालक समजून बाहेर काढलं होतं, ते हॉलतिकीट दाखवून आत गेले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी सारणीचं गणित मला तोंडी सांगितलं. त्यात एक आकडा काठावर आला होता. तो त्यांनी पुढच्या वर्गात टाकला होता, हे त्यांनी दोनदा सांगितलं. निकाल लागला. बाबा पास झाले. गणितात काठावर पास, पण पास. आईनं वडाभात केला, डेपोवरची चार माणसं जेवायला आली, आणि बाबांनी त्यांना संभाव्यता समजावून सांगितली. कोणालाही समजली नाही. त्या दिवशी मी जितकी खूश होते तितकी स्वतःच्या निकालाला नव्हते.

पाऊस सुरू झाल्यावर वरच्या ऑफिसातून बोलावणं आलं. कागद घेऊन या, म्हणून. मी सोबत गेले. आपण शिकवलेला माणूस कायम होताना बघायचा होता मला, दुसरं कारण नव्हतं. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता, दहावीची गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सदऱ्याच्या आत ठेवली होती.

टेबलामागे एक वयस्क क्लार्क होते, साधे, चांगले. बाबांना त्यांनी खुर्ची दिली. मी बाबांच्या शेजारी उभी राहिले. क्लार्कसमोर दोन याद्या होत्या, वयाप्रमाणे केलेल्या. एकीवर लिहिलं होतं चाळीस ते पन्नास, दुसरीवर पन्नास ते साठ. पहिल्या यादीतल्या माणसांचे कागद कायम करण्यासाठी पुढे जाणार होते. दुसऱ्या यादीतले आहेत तसे रोजंदारीवर राहणार. हे त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. गुणपत्रिका बघून ते हसले, बाबांचं कौतुक केलं. मग शाळेचा दाखला उघडला. वय त्या वर्षीच्या एक जुलैला धरायचं होतं. त्यांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं आणि चष्मा काढला.

“भाऊ, तुमी तर बरोबर पन्नास आहा,” ते म्हणाले. “दोनी यादीत बसता. वरून काई खुलासा नाई आला. सांगा, कुठी लिहू?”

असं विचारणारा माणूस सरकारी टेबलामागे आयुष्यात एकदा भेटतो. त्यांनी दार उघडून धरलं होतं, फक्त आत पाऊल टाकायचं होतं. इतकं ते सोपं होतं. तेवढ्यात बाबा खुर्चीत सरळ बसले. उत्तर येत असलेला प्रश्न विचारला की पोरं बसतात तसे.

“वरची मर्यादा पुढच्या वर्गात,” बाबा म्हणाले. “असमावेशक पद्धत.”

क्लार्कना ते शब्द कळले की नाही, कोण जाणे. पण पुढच्या म्हणजे कोणत्या, ते कळलं. त्यांनी दुसरी यादी जवळ ओढली. मी थांबा म्हणाले. मी मोहफुलांचं सांगितलं, आजीच्या टोपलीचं सांगितलं, कानाला लागलेल्या हाताचं सांगितलं. बाबा खरे पन्नासचे नाहीतच, आत्ता कुठे एकोणपन्नास भरलेत, असं काय काय बोलत गेले. क्लार्कनी ऐकून घेतलं. ते म्हणाले, दाखल्यावर आहे ते मला बदलता येत नाही बाई, पण यादीचं अजून माझ्या हातात आहे. आणि त्यांनी पेन वर धरून बाबांकडे बघितलं. दुसऱ्यांदा.

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग यादीकडे.

“लिवून टाका साहेब,” ते म्हणाले.

बसची वाट बघत आम्ही टपरीच्या पत्र्याखाली उभे होतो. पाऊस लागला होता. कोणावर चिडायचं तेच मला कळत नव्हतं. बाबांनी दोन चहा सांगितले. मग त्यांनी मला समजावल्यासारखं म्हटलं, की पन्नासचं पुढच्यातच जाते, तूच शिकवलं ना. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, आणि भांडण झालं असतं तर पुढची दहा वर्षं ते वाक्य असं छातीवर बसलं नसतं.

आम्ही घरी पोचलो तेव्हा आई दारात होती. तिनं ओली छत्री बाबांच्या हातातून घेतली आणि त्या नव्या खुंटीला अडकवली. ती खुंटी आजही छत्रीचीच आहे. बाबांसोबतचा एक जण पहिल्या यादीत होता. त्याचीही तारीख एक जुलै, फक्त वर्ष पुढचं. तो कायम झाला, खाकी ड्रेस घालून आमच्या घरी पाया पडायला आला. बाबांनी त्याच्या कॉलरची घडी नीट करून दिली. त्यानंतर बाबा गुडघे चालतील तोवर रोजंदारीवर टेप लावत राहिले, आणि पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांध्यांत उभे राहत राहिले. आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं त्या वर्षी त्यांना एका दिवसाची रजा नव्हती. मला नोकरी लागली तोवर या सगळ्यातलं बरंच होऊन गेलं होतं.

मी काही चुकीचं शिकवलं नाही, हे मला कळतं. पुस्तक काढून बघा, नियम तोच आहे. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. बाबांच्या हाताला वीस वर्षांचं वळण होतं, काठावरचा खालच्या थप्पीत. क्लार्कनं विचारलं तेव्हा ते वळण शाबूत असतं, तर पन्नास आपोआप चाळीस ते पन्नासमध्ये गेले असते आणि बाबांना कळलंही नसतं. दोन-तीन गुणांसाठी मी ते वळण मोडलं. ते गुण नसते तरी ते कदाचित पास झाले असते, कदाचित नसते. याची संभाव्यता काढायला मी पुष्कळदा बसले. काढता येत नाही.

गेल्या दिवाळीत मी घरी गेले होते. बाबा आता सपरीतच असतात, खाट टाकून. मला सुट्टी संपल्यावर शाळेत हाच धडा सुरू करायचा होता, म्हणून मी पुस्तक घेऊन त्यांच्या शेजारी बसले. आणि इतक्या वर्षांत बोलले नव्हते ते बोलून टाकलं. म्हणाले, बाबा, मी तुमची डेपोची सवय मोडली नसती तर तुम्ही कायम झाले असते.

बाबांनी खाटेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाले, सवय कुठी मोडली? मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. डेपोत काठावरचा लठ्ठा खाली टाकायचा, कारण तो वर टाकला तर फायदा आपला असतो. आपला फायदा होईल अशा बाजूला काठावरचं ओढायचं नाही, एवढीच ती रीत. तिथे आपला फायदा वर होता, म्हणून खाली टाकायचं. ऑफिसात आपला फायदा खालच्या, चाळीस ते पन्नासच्या यादीत होता, म्हणून वर टाकलं. लठ्ठ्याला जो नियम तोच माणसाला.

“तुह्या नियमानं नाई केलं मी ते,” ते म्हणाले. “डेपोच्याच नियमानं केलं.”

मी विचारलं, मग तिथे असमावेशक पद्धत काऊन म्हणाले?

बाबांना हसू आलं. त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, सारणीचं पान काढलं आणि त्यावरून बोट फिरवलं.

“तू बाजूले उभी होती ना,” ते म्हणाले. “एवढा घसा कोरडा करून शिकवलं होतं. तुले वाटाले पाह्यजे का नाई, का बापाले आलं म्हणून.”

आईनं जेवायला हाक मारली. बाबा उठले, माझ्या खांद्याचा आधार घेऊन आत गेले. हे त्यांनी मला हलकं वाटावं म्हणून रचून सांगितलं की खरंच तसं होतं, ते मला ठरवता आलेलं नाही. आणि मी त्या दिवशी शेजारी उभी नसते तर त्यांनी क्लार्कला काय उत्तर दिलं असतं, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी विचारलं नाही.